गोधडी, जुनी, एक

२१ नोव्हेंबर. आजचं काम : सामानाची यादी पूर्ण करणे, खोके क्रमांक एक ते चौतीस.

वहीत त्या दिवशी मी एवढंच लिहिलं आहे. पुढची दोन पानं कोरी आहेत, कारण लिहायला सवड झाली नाही. ती आता भरते.

माझा नवरा साखर कारखान्यात केमिस्ट. आमच्याकडची अशी बरीच माणसं हल्ली आफ्रिकेत जातात. तिकडे ऊस आहे, कारखाने आहेत, आणि साखर शिजवणारे हात त्यांना इथून लागतात. नवरा मार्चमध्ये टांझानियाला गेला. आठ महिन्यांनी कारखान्याने क्वार्टर दिलं आणि घरचं सामान आणायचा खर्चही कबूल केला. शेवगावचं घर भाड्याने द्यायचं, सामान जहाजाने जायचं, मी विमानाने, असं ठरलं. ठरवलं त्याने. बांधाबांध माझ्याकडे.

पुण्याच्या पॅकिंगवाल्यांनी नियमांचा कागद दिला होता. बी-बियाणं नाही, धान्य नाही, लोणचं-मसाला नाही, तंबाखू नाही, सोनंनाणं आणि रोकड नाही. प्रत्येक खोक्यात काय आहे ते नगानिशी लिहायचं आणि प्रत्येक पानाखाली सही करायची. सही माझी. त्यांचा सुपरवायझर बोलायला गोड होता, म्हणून मी त्याच्यावर पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवून होते. पण त्याने एक गोष्ट नीट सांगितली. "मॅडम, न लिहिलेली एक वस्तू एका खोक्यात निघाली तर चौतीसच्या चौतीस खोकी बंदरात अडकतात. आणि विचारायला ते आम्हाला बोलावत नाहीत, सही करणाऱ्याला बोलावतात."

ते ऐकल्यापासून मी स्वतः बंद केलेल्या खोक्यांच्या चिकटपट्टीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका देत होते. कोणी पट्टी उचकटून परत लावली तर ठिपका जुळणार नाही. सुपरवायझरने ठिपके पाहिले आणि हसला. मी हसले नाही.

खरा त्रास पॅकिंगवाल्यांचा नव्हता. परदेशी निघालेल्या माणसाच्या सामानात आपली एक पुडी घालणं हा आमच्याकडे हक्क समजतात. त्या आठवड्यात माझ्या दारात अशा सात पुड्या आल्या. कोणाचा भाचा तिकडे, कोणाचा व्याही. मी प्रत्येक पुडी त्यांच्यादेखत सोडली. एका कुरडयांच्या डब्यात तळाला तंबाखू निघाली. आणणारी बाई म्हणाली, "अय्या, ही कुठनं आली!" मी म्हटलं, "कुरडयांबरोबर वाळत घातली असेल." डबा तिला परत दिला. तेव्हापासून पुढच्या खोलीत मी तीन ढीग केले होते : जाणारं, राहणारं आणि संशयाचं.

एकवीस तारखेला सकाळी दहाच्या सुमाराला पलीकडच्या घरच्या आक्का आल्या. काखेत घडी केलेली गोधडी.

आक्कांचा मुलगा माझ्या नवऱ्याच्या हाताखाली त्याच कारखान्यात आहे. नवऱ्यानेच त्याला नेलं. त्याची बायको इथे आक्कांजवळ राहिली. लग्नानंतर लगेच, तो इथे असतानाच, ती माझ्या शिवणाच्या वर्गात आली होती. हात चांगला. वर्षभरात ब्लाउजच्या ऑर्डरी घ्यायला लागली. दोघी सासू-सुनांचं मात्र पटलं नाही. दिवाळीला ती माहेरी मिरजगावला गेली, ती परत आली नाही. तिच्या वडिलांनी निरोप पाठवला की मुलगी आता नांदणार नाही, तिचे दागिने तेवढे द्या. आक्का म्हणत होत्या, जाताना सगळं घेऊन गेली. सून म्हणत होती, सगळं सासूच्या कपाटात आहे. दुसऱ्या दिवशी, बावीसला, यावर आक्कांच्या ओसरीत बैठक होती. सुनेने माझं नाव सुचवलं म्हणून मलाही बोलावणं होतं.

"एवढी पोराला न्या," आक्का म्हणाल्या. "माज्या हातची हाय. तिच्याबिगर त्याला झोप लागत न्हाई."

"आक्का, तिकडे उकडतं. पंखा बंद झाला तर माणसं अंगणात येऊन झोपतात."

"मग खाली अंथरंल."

मी गोधडी हातात घेतली. गोधडी जड असतेच, जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर असतात. पण ही एका कोपऱ्यात जास्त जड होती.

"यात काही घातलंय का?"

"माजी माया घातलीय. दुसरं काय असतंय गोधडीत?"

"यादीत माया लिहिता येत नाही, आक्का."

"बाई, तुमी शिवण शिकवायला कशाला लागल्या? जकातनाक्यावर बसायचं हुतं!" आणि मग हसता हसता, दारापर्यंत जाऊन परत वळून : "आता तुमच्याच घरात ऱ्हाईल न्हवं ती? परत घ्यायला नका लावू."

ट्रक चोवीस तारखेला येणार होता. पोरासाठी गोधडी द्यायची तर लोक आदल्या संध्याकाळी आणतात, तोपर्यंत एक ऊन तरी दाखवतात. आक्कांना तीन दिवस आधी घाई कसली? सोन्याचा विचार माझ्या डोक्यात आला नाही, असं म्हणणार नाही. आला. पण आलेल्या सातांपैकी एका पुडीत तंबाखू निघाली होती, तेव्हा आधी मी तंबाखूच धरली. शिवाय दुसऱ्याची गोधडी उसवणं म्हणजे त्याच्या ताटात हात घालण्यासारखं आहे. मी ती संशयाच्या ढिगावर ठेवली आणि खोके क्रमांक एकोणीस भरायला घेतलं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. कुकर घेतलास का, माझे बूट घेतलेस का, असं सगळं झाल्यावर म्हणाला, "आणि ती गोधडी आली का? तो रोज विचारतोय."

"रोज? गोधडीसाठी?"

"आईची आठवण येत असेल."

बरं म्हणून मी फोन ठेवला. चाळीस डिग्रीत घामाने भिजलेला सत्तावीस वर्षांचा माणूस रोज साहेबाला गोधडीबद्दल विचारतो, हे मला पटलं नाही.

बावीसला सकाळी बैठक झाली. आमच्या गल्लीतले एक निवृत्त ग्रामसेवक असल्या कामाला पुढे असतात, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. ते खुर्चीवर. सून आणि तिचे वडील सतरंजीच्या एका टोकाला, आक्का दुसऱ्या टोकाला. मी दाराजवळ, कारण घरी भांडी कागदात गुंडाळायची राहिली होती.

सुनेने मोजून सांगितलं. वडिलांनी घातलेला पोहेहार, झुबे, आणि तिने स्वतः ब्लाउज शिवून केलेल्या पाटल्या. त्या पाटल्या करायला तिच्याबरोबर सराफाकडे मी गेले होते, तेही मी सांगितलं. ती पुढे म्हणाली, "बाकी मला काही नको. हायवेला गाळा बघितलाय. दोन मशीन घ्यायच्यात."

"बघा, बघा," आक्का म्हणाल्या, "गाळा पन बघून झालाय! नवरा जित्ता हाय अजून."

"आक्का, सोन्याचं बोला," भाऊसाहेब म्हणाले.

"सोनं ती घिऊन गेली."

"मी अंगावरच्या मंगळसूत्रानिशी गेले. यष्टीत बसवायला तुम्हीच आला होता, आत्या. पिशवीसुद्धा तुम्ही धरली होती."

आक्का पदर नीट करू लागल्या. सुनेचे वडील म्हणाले, "मग बेलभंडारा उचला."

आमच्याकडे यापुढे वाद चालत नाही. बेलाचं पान आणि देवाचा भंडारा तळहातावर घेऊन खंडोबाच्या नावाने जे बोलाल ते खरं धरतात. कोर्टात खोटं बोलणारी माणसं मला माहीत आहेत, पण भंडारा हातात घेऊन खोटं बोललेलं मी कोणाला पाहिलेलं नाही. आक्का तर दर सोमवती अमावास्येला जेजुरीला जाणाऱ्या. मला वाटलं, आता ही बाई कबूल होणार.

आक्का उठल्या. देवघरातून स्वतःच वाटी घेऊन आल्या. तळहातावर पान ठेवलं, त्यावर चिमूटभर भंडारा. हात सगळ्यांपुढे धरला.

"माज्या या घराच्या चार भिंतीत, माज्या कपाटात, माज्या अंगावर ह्या पोरीचं गुंजभर जरी सोनं असंल, तर खंडेराया मला बघून घील."

भाऊसाहेबांनी मान हलवली. सुनेच्या वडिलांची मान खाली गेली. सून रडली नाही, सासूच्या हाताकडे बघत राहिली. बैठक संपली. चहा आला.

मी चहा घेतला नाही. भांडणात शपथ घेणारा माणूस म्हणतो, मी घेतलं नाही, मला ठाऊक नाही. आक्का तसं काहीच म्हणाल्या नव्हत्या. त्या फक्त चार भिंतींबद्दल बोलल्या. देवाला त्यांनी खरं तेवढंच सांगितलं, आणि ते खरं व्हावं म्हणून आदल्या दिवशीच घाईने गोधडी माझ्याकडे आणून टाकली. आता ती वस्तू माझ्या चार भिंतींत होती आणि परवा माझ्या सहीने समुद्रावर जाणार होती.

दुपारी पॅकिंगवाले काचसामान बांधत होते. मी शिवणाच्या खोलीत गोधडी नेली, दाराला कडी लावली आणि खिडकीपाशी पसरली. वर हिरवं लुगडं, विटलेलं. धाग्याच्या ओळी कडेपासून आत आत वळत गेलेल्या, प्रत्येक कोपऱ्यात न तुटता वळलेल्या. दोरा धुवून धुवून पिवळा पडलेला. फक्त एका कोपऱ्यात वीतभर जागेत दोरा पांढरा शुभ्र होता, टाके लहान आणि घाईचे, आणि ओळीच्या मध्येच गाठ. पंचवीस वर्षं शिवण शिकवलेल्या बाईच्या घरी असा कोपरा आणून देणं, ही आक्कांची चूक. पण त्यांचा तरी काय इलाज? कंटेनर गल्लीत दुसऱ्या कोणाकडे नव्हता.

पहिला टाका कापण्याआधी मी मोबाईलवर फोटो काढले. उद्या कोणी म्हणायला नको की बाईंनीच घातलं. मग ब्लेडने पांढरे टाके तेवढे कापले. दुसऱ्या आणि तिसऱ्या थराच्या मध्ये फलालीनच्या कापडात वेगवेगळे गुंडाळून, वाजू नयेत असे चपटे बसवलेले : पोहेहार, झुबे, पाटल्यांची जोडी. एका पाटलीचा पेच तिरका बसायचा. सराफाने दुरुस्त केला म्हणून सांगितलं होतं. केला नव्हता. मला तेव्हाच शंका आली होती.

मी सगळं होतं तसं आत ठेवलं आणि नवऱ्याला फोन लावला.

"त्या गोधडीबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?"

"मला? काही नाही. त्यांच्या घरचं प्रकरण आहे, तू उसवाउसवी करू नकोस."

"उसवायचं मी बोललेच नाही."

पलीकडे खोलीचं दार लोटल्याचा आवाज आला.

"अगं, तो पोरगा म्हणाला, आई काहीतरी पाठवतेय. मी जास्त विचारलं नाही."

"विचारायचं होतं. यादीवर सही माझी आहे. तुमच्याशी तिकडे आल्यावर बोलते."

तो आजही म्हणतो की त्याला एवढंच माहीत होतं. मी त्यावर अजून निकाल दिलेला नाही.

मग मी बसून विचार केला. भाऊसाहेबांना बोलवावं, तर तासाभरात गल्लीभर होणार आणि आक्का भंडाऱ्याच्या खोट्या ठरणार. शब्दाने त्या खोट्या नव्हत्याच, म्हणजे वाद आणखी चार दिवस. माझ्याकडे दोन दिवस होते. गुपचूप मिरजगावला नेऊन द्यावं, तर उद्या आक्काच म्हणणार की माझ्या पोराची गोधडी बाईंनी फाडली आणि आत काय होतं देव जाणे. आक्कांच्या तोंडून होकार यायला हवा होता. तो कसा आणायचा ते शेवटी त्यांच्या शपथेनेच सांगितलं. कोपरा मी कच्च्या टाक्यांनी बंद केला, यावेळी काळ्या दोऱ्याने.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी गोधडी घेऊन आक्कांच्या दारात गेले. त्या ओसरी झाडत होत्या.

"आक्का, ही परत घ्या. खोक्यात बसत नाही."

त्यांनी झाडू थांबवला. "बसंल की. दाबून बसवा."

"नाही बसत. घ्या आत."

मी एक पाऊल पुढे टाकलं. आक्का उंबऱ्यात आल्या आणि चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या.

"तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

"माझं घर उद्या रिकामं होतंय. तुमचीच गोधडी, तुमच्याच घरात ठेवायला काय हरकत आहे? आत पलंगावर टाकते आणि जाते."

"आत नको."

"का?"

त्यांनी गोधडीकडे पाहिलं. काळा दोरा दिसला. कोणत्या कोपऱ्याला आहे तेही.

"उसवली तुमी."

"सही माझी आहे, आक्का."

"कुनाकुनाला सांगितलं?"

"अजून कोणाला नाही."

त्या खाली बसल्या, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला. मी बाहेर उभीच. गोधडी दोघींच्या मध्ये माझ्या हातावर.

"माज्या पोराचा संसार मोडला तिनं," त्या म्हणाल्या. "नवरा गेल्यावर एकटीनं वाढीवला त्याला. लगीन केलं, गाव जेवू घातलं. ती चालली हात झटकून, आन वर सोनं पन पायजे! तुमी तिच्याच बाजूनं बोलनार. तुमची शिष्या."

"पाटल्या करताना मी दुकानात होते. तुम्ही नव्हता. पोहेहार तिच्या बापाचा."

"आन माज्या पोराचं काय?"

"त्याला पगार आहे. हिला गाळा घ्यायचाय." मग मी घड्याळ दाखवलं. "सातची नगर गाडी आहे. गोधडी एक तर तुमच्या उंबऱ्याच्या आत जाईल, नाहीतर मिरजगावला जाईल. माझ्या खोक्यात ती अशी जाणार नाही. तुम्ही सांगा."

आक्का झाडूची एकेक काडी सरळ करत बसल्या. देवघराकडे एकदा वळून पाहिलं. मग हात चौकटीवरून न काढताच म्हणाल्या, "न्या. पन मला तिच्या दारात बोलवू नका."

"नाही बोलवत."

मी पायरी उतरले तेव्हा मागून आवाज आला. "गोधडी तेवडी रिकामी करून पोराला धाडा. त्यात तरी संशय न्हाई न्हवं?"

"रिकामी झाली की नाही."

सात वाजताची गाडी सव्वासातला आली. बायकांचं अर्धं तिकीट काढलं, गोधडी मांडीवर ठेवली आणि नगरला गाडी बदलेपर्यंत डोळा लागू दिला नाही. शेजारच्या बाईने दोनदा विचारलं की एवढी गोधडी घेऊन कुठे निघालात. दुसऱ्यांदा मी जागा बदलली.

साडेअकराला मिरजगावला पोचले. सुनेच्या आई-वडिलांना समोर बसवलं, फोटो दाखवले, आणि काळा दोरा तिलाच कापायला लावला. तिने पोहेहार बाहेर काढला, झुबे काढले, पाटल्या काढल्या. तिरका पेच बोटाने चाचपला आणि म्हणाली, "माझ्याच आहेत, मॅडम." वडिलांकडून मी चिठ्ठीवर लिहून घेतलं की सगळे दागिने मिळाले, आता आक्कांकडे काही मागणं नाही. तिची सही घेतली, आईचा अंगठा घेतला. चिठ्ठीचा फोटो भाऊसाहेबांना पाठवला. सोबत एवढंच लिहिलं की वस्तू मिळाल्या, आक्कांची हरकत नाही. कुठे मिळाल्या ते त्यांनी विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

मग तिला म्हटलं, "आता कोपरा शिव. मूळ टाक्यासारखा."

ती सुई घेऊन बसली. पिवळट दोरा शोधून आणला आणि ओळ जिथे तुटली होती तिथूनच पुढे नेली. मी बघत होते. एक टाका लांब पडला, तो उसवायला लावला. तिने उसवला आणि पुन्हा घातला. गोधडी मी चारही कोपऱ्यांना दाबून पाहिली, मग दुमडून पाहिली, मग तिच्यासमोरच पुन्हा एकदा दाबून पाहिली.

परतीच्या गाडीची वाट बघताना स्टँडवरच पिशवीतून यादी काढली आणि खोके क्रमांक एकोणीससमोर शेवटची ओळ लिहिली : गोधडी, जुनी, एक. खाली सही केली.